राखीव सेंटरला जास्त मिनिटे: नेमियास केताचा हक्क की बॉस्टनची गरज?

पहाटेचा प्रेक्षक
१२ ऑक्टोबर २०२५

गेल्या हंगामात एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्सकडे सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागेसाठी पोर्झिंगिस, हॉरफोर्ड, कॉर्नेट आणि नेमियास केता असे चार जण होते. उन्हाळा संपेपर्यंत त्यांतले पहिले तिघे गेले. वेतनाच्या मर्यादेपायी संघाने पोर्झिंगिसला अटलांटाला देऊन टाकले, कॉर्नेट सॅन अँटोनिओला गेला आणि हॉरफोर्डने गोल्डन स्टेट गाठले. चौथ्या क्रमांकावर बसणारा माणूस अशा रीतीने रांग न तोडता पहिल्या क्रमांकावर आला आहे.

केताला २०२१ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) सॅक्रामेंटोने ३९ व्या क्रमांकावर घेतले. तिथे दोन हंगामांत मिळून त्याला २० सामने मिळाले. त्यानंतर बॉस्टनमध्ये पहिल्या वर्षी २८ आणि गेल्या वर्षी ६२ सामने खेळला, तेही सामन्याला सरासरी १४ मिनिटांच्या आतबाहेर. आता संघाने गार्झा आणि बूशे यांना आणले आहे, पण उंची आणि वजन या दोन्ही बाबतींत खरा सेंटर म्हणावा असा अनुभवी माणूस केताच आहे.

माझे मत असे की पहिल्या सामन्यापासून त्याला किमान २८ मिनिटे द्यावीत आणि दोन वाईट सामने झाले म्हणून ती काढून घेऊ नयेत. ज्याची परीक्षाच घेतलेली नाही त्याला नापास कसे म्हणणार? सभासदांचे मत वाचायला आवडेल.


केपेकर
१२ ऑक्टोबर

मूळ प्रश्नाकडे जाण्याआधी उच्चाराबद्दल लेखकाचे आभार मानतो, कारण समालोचक त्याचे पाकिस्तानातले क्वेट्टा करून टाकतात. पोर्तुगीज नावात क्यू आणि यू यांच्यापुढे ई आला की नुसता 'के' उरतो. आमच्या केपे तालुक्याचे इंग्रजी स्पेलिंग ज्याने एकदा पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

परीक्षा घेतलेली नाही, हे मात्र मला मान्य नाही. ऑगस्टच्या शेवटी युरोबास्केट या युरोपीय देशांच्या स्पर्धेत रिगामध्ये पोर्तुगालने चेक प्रजासत्ताकाला ६२-५० असे हरवले. त्या सामन्यात केताचे २३ गुण आणि १८ रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) होते, म्हणजे संघाच्या गुणांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त त्याचे एकट्याचे. पोर्तुगाल त्या स्पर्धेत बाद फेरीपर्यंत पोहोचला. सगळा संघ ज्याच्या खांद्यावर टाकला होता, तो माणूस कच्चा कसा म्हणायचा?


आकडेमोड
१२ ऑक्टोबर

केपेकर, त्याच स्पर्धेच्या बाद फेरीत जर्मनीने पोर्तुगालला ८५-५८ असे धुतले, तेही याच परीक्षेचे गुण आहेत. प्रतिस्पर्ध्याची पातळी वाढली की उंच माणसाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे आणि तो एका चेक सामन्याने सुटत नाही.

गेल्या हंगामातली केताची सरासरी ५ गुण आणि ३.८ रिबाउंड अशी आहे. ३६ मिनिटांच्या हिशेबात मांडली तर ती १३ गुण आणि जवळपास १० रिबाउंड होते, आणि मग लोक म्हणतात, "पाहा, हा तर सुरुवातीच्या पाचांतला सेंटर आहे." ही त्रैराशिकाची चूक आहे. राखीव सेंटरची १४ मिनिटे बहुतेक वेळा समोरच्या संघाच्या राखीव सेंटरविरुद्ध जातात, आणि ती ताज्या पायांनी, फाउलची फारशी पर्वा न करता खेळलेली असतात. पुढची २२ मिनिटे याच्या अगदी उलट असतात.

बोबान मार्यानोविच आठवा. २०१५-१६ मध्ये सॅन अँटोनिओकडून ५४ सामन्यांत सरासरी ९.४ मिनिटे आणि ५.५ गुण, म्हणजे त्रैराशिकाने ३६ मिनिटांत २१ गुण! डेट्रॉइटने त्या भरवशावर तीन वर्षांचा २.१ कोटी डॉलरचा करार केला. माणूस गोड, हात मऊ, उंची २२४ सेंटिमीटर; पण तो नियमित सुरुवातीचा खेळाडू कधीच झाला नाही, कारण प्रतिस्पर्धी त्याला बास्केटखालून ओढून तीन गुणांच्या रेषेपर्यंत न्यायचे आणि तिथे त्याचे पाय पोहोचत नसत.


मधू न्यूजर्सीकर
१३ ऑक्टोबर

आकडेमोड, बोबानचे उदाहरण सोयीचे आहे म्हणून तुम्ही घेतले. मी न्यूयॉर्क निक्स पाहतो आणि आमच्याकडचे उदाहरण नेमके उलटे आहे.

आयझया हार्टेनस्टाइन २०१७ मध्ये ४३ व्या क्रमांकावर निवडला गेला, म्हणजे केतापेक्षाही खाली. ह्यूस्टन, डेन्व्हर, क्लीव्हलँड, क्लिपर्स अशी चार घरे फिरून तो आमच्याकडे आला. डिसेंबर २०२३ मध्ये आमचा पहिला सेंटर मिचेल रॉबिन्सन याचा घोटा दुखावला आणि नाइलाज म्हणून हार्टेनस्टाइनला सुरुवातीपासून खेळवावे लागले. मग लक्षात आले की पन्नास फुटांवरूनही दिसावा असा चांगला पासिंग करणारा सेंटर आपण इतके दिवस बाकावर बसवून ठेवला होता. पुढच्या उन्हाळ्यात ओक्लाहोमाने त्याला तीन वर्षांसाठी ८.७ कोटी डॉलर दिले आणि २०२५ मध्ये त्याने विजेतेपदही पाहिले.

रॉबिन्सनचा घोटा धड राहिला असता तर ही गोष्ट घडलीच नसती, हे ध्यानात घ्या. प्रशिक्षकाने गुण हेरले वगैरे काही नाही. म्हणून 'पात्रता सिद्ध कर, मग मिनिटे देतो' हा युक्तिवाद मला फसवा वाटतो.


सावळाराम
१३ ऑक्टोबर

केता बॉस्टनमध्ये आला तो टू-वे करारावर, म्हणजे मुख्य संघ आणि त्याचा दुय्यम संघ अशा दोन्हीकडे खेळायच्या करारावर. हा करार म्हणजे आरएसीचे तिकीट, असे मी माझ्या मुलाला समजावले होते. गाडीत चढता येते, बसायला अर्धी जागा मिळते, पण रात्र झाली की झोपायचे कुठे ते टीसी ठरवणार. तो करार असलेल्याला प्ले-ऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) खेळता येत नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये बॉस्टनने केताला नेहमीचा करार दिला. आता बाकीचे प्रवासी मधल्या स्टेशनांवर उतरले आहेत आणि आपण चर्चा करतो आहोत की याला बर्थ द्यावा की नाही!


नागपाड्याचा जुना
१३ ऑक्टोबर

मी व्यावसायिक खेळाडू नव्हतो, पण नागपाड्याच्या बच्चूखान मैदानावर आठ वर्षे राखीव सेंटर म्हणून काढली आहेत, म्हणून बाकावरची बाजू सांगतो.

राखीव सेंटरचे पहिले दुखणे त्याच्या गुडघ्यात असते. सराव करून अंग तापवलेले असते आणि मग पाऊण तास बाकावर बसायचे. सिमेंटच्या मैदानाचा गारवा डिसेंबरमध्ये बुटाच्या तळव्यातून वर चढतो. प्रशिक्षक पहिल्या सेंटरच्या तिसऱ्या फाउलपर्यंत तुमच्याकडे पाहतही नाहीत आणि मग एकदम "ऊठ" म्हणतात. एका आंतरजिल्हा सामन्यात माझ्या ट्रॅक पँटच्या नाडीची निरगाठ बसली होती. ती सुटेना, पंच शिट्टी वाजवून थांबलेले, शेवटी शेजारच्या मुलाने दाताने सोडवली. मैदानात गेलो आणि पहिल्याच वेळी स्क्रीन लावताना (सहकाऱ्यासाठी समोरच्याची वाट अडवून उभे राहताना) खांदा हलला, फाउल. दुसऱ्या वेळी समोरच्याने चेंडू उचलल्याचा नुसता आव आणला आणि मी हवेत, पुन्हा फाउल. दीड मिनिटात परत बाकावर. त्या दिवशीच्या वहीत माझ्या नावापुढे शून्य गुण आणि दोन फाउल एवढेच आहे.

सांगायचा मुद्दा असा की तुटक मिनिटांत सेंटर जसा खेळतो तो त्याचा खरा खेळ नसतो. चेंडू पुढे नेणाऱ्या गार्डने पहिला फटका चुकवला तरी तो पुढच्या वेळी चेंडू मागून घेऊ शकतो; सेंटरला चेंडू मागता येत नाही. त्याला खेळाची लय पकडायला पाच-सहा चढाया तरी लागतात. केता स्क्रीन लावताना हलतो आणि उडी लवकर मारतो, ही तक्रार खरी आहे. पण ही सवय बाकावर बसून सुटत नाही.


डावखुरी
१४ ऑक्टोबर

नागपाडाकाका, नाडीचा प्रसंग वाचून हसू आले आणि वाईटही वाटले. मी विद्यापीठाच्या संघात गार्ड होते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते.

गार्डला सेंटर किती गुण करतो याची फारशी फिकीर नसते. तिला एवढेच कळायला हवे असते की माझ्या हातून सुटलेली खेळाडू बास्केटकडे गेली तर मागे कोणीतरी आहे. केता बहुतेक वेळा बास्केटच्या जवळ मागे थांबून बचाव करतो, ज्याला 'ड्रॉप' म्हणतात. तिथे त्याची २१३ सेंटिमीटर उंची कामाला येते. मात्र समोरचा गार्ड स्क्रीनवरून सुटून थांबून फटका मारणारा असेल, तर ड्रॉपमधला सेंटर नुसता बघत राहतो. हॉरफोर्ड अशा वेळी वर येऊन गार्डसमोर दोन पावले टिकायचा आणि मग मागे सरकायचा. हे उंचीने होत नाही. कमरेत वाकून सरकण्याची सवय लागते आणि समोरचा पुढे काय करणार याचा अंदाज लागतो.

त्यामुळे मिनिटे किती, यापेक्षा कोणत्या गार्डसमोरची मिनिटे, हे मला महत्त्वाचे वाटते. २८ हा आकडा आधीच ठरवून टाकणे मला पटत नाही.


आकडेमोड
१४ ऑक्टोबर

डावखुरी यांच्या मताला अनुमोदन. शिवाय बॉस्टनचे आक्रमण लक्षात घ्या. गेल्या हंगामात या संघाने सामन्यागणिक सरासरी ४८ हून अधिक वेळा तीन गुणांचे फटके मारले, तो लीगचा विक्रम ठरला. हे जमायचे कारण पोर्झिंगिस आणि हॉरफोर्ड स्वतः रेषेबाहेर उभे राहून फटका मारायचे, त्यामुळे समोरच्या सेंटरला बास्केटखाली थांबताच येत नसे. केता बाहेरून मारत नाही. तो मैदानात असला की प्रतिस्पर्धी सेंटर बास्केटखाली ठाण मांडून बसणार आणि आपला ब्राउन आत घुसला की त्याच्यासमोर भिंत उभी राहणार.


मधू न्यूजर्सीकर
१४ ऑक्टोबर

मग कॉर्नेट कुठे बाहेरून मारत होता? मे महिन्यात आमच्याविरुद्धच्या प्ले-ऑफ मालिकेतल्या पाचव्या सामन्यात पोर्झिंगिस आजारी होता म्हणून बॉस्टनचे प्रशिक्षक मझुला यांनी कॉर्नेटला उतरवले आणि त्याने आमचे सात फटके अडवले. बॉस्टन १२७-१०२ ने जिंकले. आम्ही मालिका जिंकली तरी मी तो सामना विसरलेलो नाही.


पहाटेचा प्रेक्षक
१४ ऑक्टोबर

मधूराव, तुम्ही माझ्या बाजूने बोलता बोलता माझ्याविरुद्ध पुरावा दिलात. त्या रात्री पोर्झिंगिस फार वेळ खेळू शकला नाही, बॉस्टनचा मुख्य खेळाडू टेटम याच्या टाचेची कंडरा (अकिलीस) आदल्या सामन्यात तुटलेली होती, आणि तरीही मझुलांनी केताऐवजी कॉर्नेटलाच बोलावले. रोजच्या सरावात ज्यांनी दोघांनाही पाहिले त्यांचा तो निर्णय होता, हे मला नाकारता येत नाही. पण कॉर्नेट त्या वेळी २९ वर्षांचा होता आणि त्यानेही त्याआधी अनेक संघांचे बाक झिजवले होते. केता आता २६ वर्षांचा आहे.


वरळीचा तिकीटवाला
१५ ऑक्टोबर

थोडे अवांतर, पण विषयाला धरून आहे.

५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटो यांचा सराव सामना मी पाहिला. इंडियानाने १३०-१०६ असा जिंकला. इंडियानाचा डोमांटास साबोनिस त्याआधीच्या हंगामात मायल्स टर्नरच्या मागे राखीव म्हणूनच खेळला होता. मुंबईनंतर सुरू झालेल्या हंगामात त्याला सुरुवातीची जागा मिळाली आणि काही महिन्यांत तो ऑल-स्टार (लीगच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक) झाला. जवळून पाहताना मला त्याच्या उडीपेक्षा त्याच्या पार्श्वभागाचे कौतुक वाटले होते. माफ करा, पण हेच वर्णन बरोबर आहे. रिबाउंडच्या वेळी तो आधी कंबर मागे लोटून जागा बळकावायचा आणि चेंडूकडे नंतर पाहायचा.

आता गंमत पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये हाच साबोनिस सॅक्रामेंटोला गेला आणि तिथे नवखा केता बाकावर होता. एका राखीव सेंटरला संधी मिळाली, तो मोठा झाला आणि त्याने दुसऱ्या राखीव सेंटरची वाट बंद केली. यात कोणाचा हक्क आणि कोणावर अन्याय?


सावळाराम
१५ ऑक्टोबर

सासूने सुनेला जे केले तेच सून पुढे करणार.


विदर्भ पोस्ट
१५ ऑक्टोबर

सर्वांनी यशाच्या गोष्टी सांगितल्या, म्हणून मी डार्को मिलिचिचची आठवण करून देतो. २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला हा मुलगा डेट्रॉइटमध्ये बेन वॉलेससारख्यांच्या मागे बसला. सामना खिशात गेला की प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करायचे आणि मगच तो दिसायचा. संघ २००४ मध्ये विजेता ठरला. "बसवून ठेवल्यामुळे तो वाया गेला" असे अनेक जण म्हणतात, पण पुढे इतर संघांनी त्याला भरपूर मिनिटे दिली, तेव्हाही ती अपेक्षा पूर्ण झाली नाही.

आणि ज्याच्या मागे तो बसला तो वॉलेस कोण होता? १९९६ मध्ये कोणीही न निवडलेला, वॉशिंग्टन आणि ऑरलँडो फिरून आलेला माणूस, जो पुढे चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला. मोठ्या अपेक्षेचा बाकावर आणि अपेक्षा नसलेला मैदानात, हे एकाच संघात एकाच वेळी घडले. वॉलेसला गुण करता येत नव्हते, फ्री थ्रो तर पाहवत नसत. पण त्याचे एक काम लीगमध्ये कोणापेक्षाही चांगले होते. केताचे असे एक काम कोणते, हे कोणी सांगेल का?


केपेकर
१६ ऑक्टोबर

आक्रमणातील रिबाउंड, असे माझे उत्तर आहे. फटका चुकल्यावर तो दोन हातांच्या मधून एक हात वर काढतो आणि चेंडू पकडता आला नाही तर बोटांनी मागे ढकलून सहकाऱ्याकडे लोटतो. आकडेमोड यांचा आक्षेप इथे उलटा लावून पाहा. ज्या संघाचे इतके फटके तीन गुणांच्या रेषेवरून जातात, त्यांचे निम्म्याहून जास्त चुकणारच. ते परत आणणारा माणूस रेषेबाहेर उभा राहून कसा चालेल?


आकडेमोड
१६ ऑक्टोबर

हा मुद्दा मला सुचला नव्हता. मान्य. मात्र मी फाउलांवर अडून आहे. सहा फाउलांत २८ मिनिटे काढायची तर सरासरी साडेचार मिनिटांना एकच फाउल परवडतो, आणि पहिल्या सहा मिनिटांत दोन झाले की कोणताही प्रशिक्षक त्याला बसवणार. म्हणजे लेखकाने मागितलेली २८ मिनिटे प्रशिक्षकाच्या हातात जेवढी आहेत तेवढीच केताच्या हातांत आहेत, अगदी शब्दशः.


नागपाड्याचा जुना
१६ ऑक्टोबर

आमचे एक प्रशिक्षक राखीव सेंटरला सरावात दोन्ही हातांत टेनिसचे चेंडू धरायला लावायचे. मूठ बंद राहिली की माणूस समोरच्याचा हात पकडत नाही आणि चापटही मारत नाही, पायच हलवतो. मला ते फार उशिरा कळले.


डावखुरी
१७ ऑक्टोबर

हा उपाय मी माझ्या शाळेच्या संघातल्या मुलींवर आजच करून पाहणार आहे. आमच्याकडची सेंटर सातवीत आहे आणि केतासारखेच फाउल करते.

मूळ प्रश्नावर माझे मत थोडे बदलले आहे. टेटम टाचेच्या दुखापतीने बाहेर आहे, जुना संघ मोडला आहे आणि कोणीही यंदा बॉस्टनकडून विजेतेपद मागत नाही. चुका करण्याची किंमत इतकी कमी असलेला हंगाम केताला पुन्हा मिळणार नाही. तेव्हा मिनिटे द्यावीत, पण शेवटच्या पाच मिनिटांतली जागा दर सामन्यात नव्याने ठरावी.


पहाटेचा प्रेक्षक
२३ ऑक्टोबर

भाऊबीजेच्या पहाटे पाच वाजता हंगामाचा पहिला सामना लावून बसलो होतो. बहीण रात्रीच मुक्कामाला आलेली असल्याने आवाज बंद ठेवून पाहिला. केता सुरुवातीच्या पाचांत होता, म्हणजे आपल्या वादाचा तेवढा भाग मझुलांनी निकालात काढला. सामना मात्र फिलाडेल्फियाने ११७-११६ असा नेला. त्यांचा एजकोम आयुष्यातला पहिलाच सामना खेळत होता आणि त्याने ३४ गुण केले.

गार्ड वेगाने अंगावर आला की ड्रॉपमधल्या सेंटरने काय करायचे, हा डावखुरी यांचा प्रश्न त्यामुळे माझ्या डोक्यातून जात नाही. 'दोन वाईट सामने झाले तरी मिनिटे काढू नयेत' हे माझे मत कायम आहे; २८ चा आकडा मात्र मी मागे घेतो. शनिवारी पहाटे न्यूयॉर्कविरुद्ध सामना आहे. तिथे त्यांचा उंच खेळाडू टाउन्स केताला बास्केटखालून थेट तीन गुणांच्या रेषेवर ओढून नेणार, म्हणजे आकडेमोड यांची बोबानवाली परीक्षा. मधूराव, तुम्ही तिकडून थेट पाहाल. केताला तिसरा फाउल कितव्या मिनिटाला मिळतो ते इथे लिहा.


मधू न्यूजर्सीकर
२३ ऑक्टोबर

लिहितो. पण टाउन्सलाही फाउलांचे तेवढेच वेड आहे, तेव्हा दोघांचेही मोजावे लागतील.